संशोधनाचा वाफा आणि गावचा रोजगार

विद्यापीठांत चालणाऱ्या संशोधनामुळे आसपासच्या भागात उद्योग आणि रोजगार वाढतो का, या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून वाळवा तालुक्यात माझी चार एकर बागायत आहे. विद्यापीठांत दरवर्षी शेकडो प्रबंध लिहिले जातात, बांधले जातात आणि कपाटात जातात. वर्तमानपत्रांत मात्र ‘संशोधनातून रोजगारनिर्मिती’ असे मथळे झळकतात. आमच्या भागात अशी एक तरी नोकरी दाखवता येईल का?
— निवृत्त शिक्षक, ता. वाळवा

उत्तर : कपाटातील प्रबंधांविषयीची आपली तक्रार रास्त आहे, त्यांतील पुष्कळसे पदवी किंवा बढती मिळण्यापुरतेच लिहिलेले असतात. तरीही नोकरी दाखवता येईल. फक्त ती विद्यापीठाच्या आवारात शोधण्याऐवजी आपल्या बांधावरून शोधायला सुरुवात करावी लागेल.

आपल्या चार एकरांत ऊस असेल, तर त्यात को ८६०३२ हा वाण असण्याचा संभव बराच आहे. मूळ संकर कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत झाला. पण कोइमतुरात जोमाने वाढणारा ऊस कृष्णाकाठच्या काळ्या रानात तसाच वाढेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ती खात्री करून घेण्याचे काम फलटण तालुक्यातील पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रात झाले. हे केंद्र १९३२ पासून चालू आहे आणि आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग आहे. अनेक वाण शेजारी शेजारी लावायचे, सुरू, पूर्वहंगामी आणि अडसाली अशा तिन्ही हंगामांत त्यांची वजने घ्यायची, रस काढून साखर तपासायची, खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून येणारे पीक) कसा फुटतो ते पाहायचे, आणि हे सारे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करायचे, असे हे कंटाळवाणे काम असते. त्यातून १९९६ मध्ये हा वाण ‘नीरा’ या नावाने राज्यासाठी प्रसारित झाला. शेतकऱ्यांनी नाव बाजूला ठेवून आकडाच धरला आणि आजही ‘शहाऐंशी बत्तीस’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही.

आता पैशाकडे वळू. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला उतारा म्हणतात) क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरला असून उतारा त्यापुढे दर ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे अधिक मिळतात. म्हणजे उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला तर टनामागे १७३ रुपये वाढतात, आणि पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात ही वाढ ८ कोटी ६५ लाख रुपयांची होते. तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वीचा हा हिशेब आहे, आणि उतारा केवळ वाणामुळे वाढतो असेही नाही. तोडणी वेळेवर झाली का, तोडलेला ऊस फडात किती तास पडून राहिला, यावरही तो अवलंबून असतो. पण वाणाचा वाटा मोठा असतो, आणि ते पैसे पुढे तालुक्याच्या बाजारपेठेतच फिरतात.

नोकऱ्या पाहायच्या असतील तर एखाद्या ऊस रोपवाटिकेत सकाळी जाऊन यावे. एका बाजूला बायका बेण्यातून (लागणीसाठी राखलेल्या उसातून) डोळे काढत असतात, दुसरीकडे त्यांवर बेणेप्रक्रिया होते, तिसरीकडे कोकोपीट भरलेल्या ४२ कप्प्यांच्या ट्रेमध्ये एकेक डोळा ठेवला जातो. रोप साधारण महिनाभरात लावणीला येते. पाच फूट बाय दीड फुटावर लागण धरली तर एकराला सुमारे ५,८०० रोपे लागतात. म्हणजे एका एकरासाठी जवळजवळ १४० ट्रे कोणीतरी भरायचे, पाणी द्यायचे, टेम्पोत चढवायचे आणि रानात उतरवायचे. या बायकांपैकी कोणीही पाडेगाव पाहिलेले नसेल. शुद्ध आणि निरोगी बेणे ही गोष्ट शेतकऱ्याला पैसे देऊन विकत घेण्याजोगी वाटू लागली, म्हणून हा व्यवसाय उभा राहिला, आणि ही सवय संशोधन केंद्रांच्या बेणेमळ्यांनी लावली.

ही गोष्ट सरळ रेषेत घडते, असे मात्र समजू नये. पाडेगावनेच पुढे फुले २६५ हा वाण दिला. क्षारपड रानात तो तग धरतो, टनेज भरघोस देतो, त्यामुळे आपल्या वाळवा-पलूस पट्ट्यात तो शेतकऱ्यांना आवडला. कारखान्यांनी मात्र साखर कमी बसते म्हणून नाक मुरडले, आणि काही ठिकाणी त्याची नोंद घ्यायलाही खळखळ केली. शेतकरी वजनाचे पैसे मोजत होता आणि कारखाना साखरेचे. संशोधनाचा फायदा कोणाच्या पदरात पडायचा, हे प्रयोगशाळेत ठरत नाही.

प्रश्न : विश्रामबागेत माझी खानावळ आहे. महाविद्यालयांमुळेच आमचे घर चालते. खोल्या भाड्याने जातात, झेरॉक्सवाले, रिक्षावाले जगतात. अर्थव्यवस्थेला मिळणारा हातभार हाच ना?
— खानावळचालक, सांगली

उत्तर : हातभार खरा आहे, ताई, आणि विद्यापीठांच्या आर्थिक परिणामांचे अहवाल लिहिणारे तो आवर्जून मोजतात. पण तो विद्यार्थ्यांच्या वास्तव्याचा परिणाम आहे, संशोधनाचा नव्हे. मुले ज्या गावी शिकायला जातील त्या गावी खानावळी चालतील. परीक्षा संपून मुले घरी गेली की दोन महिने डबे कमी होतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? संशोधनातून उभे राहिलेले काम सुट्टीत थांबत नाही.

प्रश्न : पलूस येथे माझे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे कुठेही तयार झाले तरी चार दिवसांत माझ्या दुकानात येते. मग संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात असले काय किंवा परदेशात असले काय, फरक कोणता? (महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या एका स्ट्रॉबेरी उत्पादकानेही विचारले आहे की, रोपांसाठी परदेशावर अवलंबून असूनही आमचा धंदा चांगला चालतो, तर येथे संशोधनावर खर्च कशासाठी?)

उत्तर : दोन्ही प्रश्न एकमेकांची उत्तरे देतात, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

आपल्या दुकानातील सोयाबीनच्या पिशवीवर ‘फुले संगम’ या नावापुढे ‘केडीएस ७२६’ असे छापलेले असते. पुष्कळ विक्रेत्यांना ही अक्षरे एखाद्या कंपनीची वाटतात. ती ‘कसबे डिग्रज सोयाबीन’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात हा वाण तयार झाला आणि २०१६ मध्ये प्रसारित झाला. फुले अग्रणी, फुले किमया, फुले दुर्वा हेही तेथलेच. कृष्णाकाठच्या दमट हवेत सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग हटकून येतो. पानांच्या खालच्या बाजूला तांबूस पुटकुळ्या दिसल्या की आठ-पंधरा दिवसांत रान करपल्यासारखे होते. जेथे रोग येतच नाही तेथे त्याला तोंड देणारे झाड ओळखता येत नाही. येथे तो हमखास येतो, म्हणून शेकडो ओळींतून टिकणारी ओळ उचलता आली. गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणारे केंद्र महाबळेश्वरला आहे, तेही याच कारणाने. आपल्या भागाची खोड हेच अशा केंद्राचे भांडवल असते, आणि ते दूरवरच्या संस्थेला विकत घेता येत नाही.

शिवाय बियाणे दुकानात आपोआप येत नाही. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित अशी त्याची उतरंड असते. प्रत्येक पायरीवर बीजोत्पादक शेतकरी, भेसळीची झाडे उपटणारे मजूर, प्रक्रिया केंद्रातील चाळण्या, तपासणीस आणि हमाल लागतात. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. गाडीतून पोते आपटून टाकले तरी उगवण घटते, म्हणून जाणता हमालसुद्धा येथे कुशल कामगारच ठरतो. सोयाबीन स्वपरागी असल्याने शेतकरी घरचे बियाणेही वापरू शकतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून सत्तर उगवले की ते पेरणीयोग्य धरावे, हे आपण गिऱ्हाइकाला सांगत असालच, जरी त्यामुळे एक पिशवी कमी खपत असली तरी.

आता स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचे नाव लावण्याचे कायदेशीर संरक्षण, मिळाले. पण ज्या जातींवर हे पीक वाढले त्यांपैकी स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या फ्लोरिडा विद्यापीठाच्या, तर कॅमारोसा ही कॅलिफोर्निया विद्यापीठाची. याचा अर्थ भिलारच्या वाफ्यावर फळे तोडणाऱ्या बाईच्या मजुरीमागेही विद्यापीठीय संशोधन आहेच. ते सातासमुद्रापलीकडचे आहे, एवढेच. बाहेरून मातृरोपे आणून त्यांच्या धावत्या फुटव्यांपासून येथे रोपे वाढवली जातात, आणि त्या रोपवाटिका, तोडणी, डबीत फळे भरणे, जॅम-क्रशचे कारखाने, पर्यटकांची विक्री, हे सर्व काम जिल्ह्यातच राहते. बाहेर जातो तो नव्या जातीच्या मालकीहक्काचा वाटा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढची जात कशासाठी निवडायची याचा निर्णय. कॅलिफोर्नियातील पैदासकार तेथील शेतकऱ्याची अडचण आधी सोडवणार. भिलारच्या धुक्याचा विचार त्याने का करावा? धंदा चांगला चालतो हे मान्य. परंतु सोयाबीनवाल्याला जशी आपली अडचण कसबे डिग्रजला जाऊन सांगता येते, तशी स्ट्रॉबेरीवाल्याला ती सांगायला जवळपास दारच नाही.

प्रश्न : मी मिरजेची असून एम.एस्सी. करीत आहे. हळदीतील कुरकुमीन (तिला पिवळा रंग देणारे द्रव्य) कमी खर्चात वेगळे करण्याच्या पद्धतीवर माझे काम चालू आहे. मार्गदर्शक पेटंट घेण्याचा आग्रह धरतात. वडील म्हणतात, पद्धत मोकळी ठेव, चार लोकांना काम मिळेल. कोणाचे ऐकू?
— विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे ठरल्याची उदाहरणे एकाच विद्यापीठात सापडतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत जाहीर केली. दुधात गंधकाम्ल घालायचे, म्हणजे स्निग्धांशाखेरीज बाकीचे विरघळते. मग बाटली यंत्रात गरगर फिरवायची, आणि बाटलीच्या मानेवरील खुणांवर वर आलेल्या स्निग्धांशाची उंची वाचायची. त्याआधी दुधाचे पैसे वजनावर मिळत, त्यामुळे पाणी घालणारा आणि साय काढणारा फायद्यात, तर प्रामाणिक गवळी तोट्यात राहत असे. मोजमाप आले आणि चांगले दूध देणारी गाय पाळणे परवडू लागले. बॅबकॉक यांनी पेटंट घेतले नाही. विस्कॉन्सिन हे लोणी आणि चीजसाठी प्रसिद्ध राज्य झाले, त्यात या बाटलीचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे डेअरीवर ‘आज फॅट किती लागली?’ हा जो रोजचा प्रश्न असतो, त्यामागची गर्बर पद्धतही याच काळातील आणि याच तत्त्वावरची. आता तिची जागा यंत्राने घेतली आहे.

त्याच विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी पुढे अन्नपदार्थांवर अतिनील किरण सोडून त्यांतील ड जीवनसत्त्व वाढवण्याची पद्धत शोधली. मुलांचा मुडदूस (हाडे मऊ पडून वाकण्याचा विकार) टाळण्याचा तो मार्ग होता. त्यांनी पेटंट घेतले, पण पैसे स्वतःकडे न घेता १९२५ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाकडे जातील आणि पुन्हा संशोधनाला लागतील, अशी व्यवस्था केली. लोण्याऐवजी वापरले जाणारे स्वस्त मार्गारिन बनवणाऱ्यांना या प्रतिष्ठानाने ती पद्धत वापरू दिली नाही, कारण मग स्थानिक गवळ्यांच्या लोण्याला स्पर्धक उभा राहिला असता. पेटंटाने येथे स्थानिक व्यवसायाला कुंपण घातले. गरीब घरात स्वस्त मार्गारिनच खाल्ले जाई आणि मुडदूसही तेथेच अधिक, हा आक्षेपही तेव्हापासूनचा आहे, आणि तो मला पटतो.

हळदीच्या बाबतीत तर आपल्याला तिसरा धडा घरचाच आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथातील आणि १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील उल्लेख पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. मिरजेच्या प्रत्येक आजीला जे माहीत होते, ते लिहिलेले सापडले म्हणून आपण वाचलो.

आपल्या बाबतीत माझा सल्ला असा. पद्धत खरोखरच नवी असेल, तर शोधनिबंध छापण्यापूर्वी अर्ज करावा. आधी छापले की नावीन्य गेले. शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटचे शुल्क २०२१ पासून ८० टक्क्यांनी कमी झाले आहे, त्यामुळे खर्चाची सबब फारशी उरलेली नाही. मात्र पेटंट म्हणजे रोजगार नव्हे. आपली पद्धत शंभर ग्रॅम हळद पुडीवर चालते, ती शंभर किलोवर चालेल का, द्रावक परत किती मिळतो, वीज किती लागते, हे कोणीतरी पाहिल्याशिवाय कारखानदार पुढे येणार नाही, आणि बहुतेक संशोधन नेमके याच पायरीवर अडते, कारण या कामाला ना पदवी मिळते ना शोधनिबंध होतो.

वडिलांच्या बाजूनेही एक सुचवावेसे वाटते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कसबे डिग्रजने फुले स्वरूपासारखा वाण दिला. तरीही सौद्यात हळकुंडाची जाडी, रंग आणि पॉलिशची चकाकी पाहूनच बोली चढते. ज्याच्या हळदीत कुरकुमीन अधिक आहे त्याला त्याचे वेगळे पैसे मिळायचे, तर ते आडत दुकानात चार मिनिटांत मोजता आले पाहिजे. आपण वेगळे करण्याच्या पद्धतीवर काम करीत आहात. त्याच रसायनशास्त्रातून मोजण्याची स्वस्त पद्धत निघाली, तर ती मात्र बॅबकॉकप्रमाणे मोकळी ठेवावी.

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझी लहान फाउंड्री (लोखंडाचा ओतकाम कारखाना) आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाशी सामंजस्य करार केला. चहापान झाले, फोटो निघाले, पुढे दोन वर्षांत एकही प्राध्यापक आमच्या शेडमध्ये आला नाही. आमचे रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, जसेच्या तसे आहे. असल्या सहकार्याचा काय उपयोग?
— फाउंड्रीमालक, कुपवाड

उत्तर : तसल्या कराराचा काहीच उपयोग नाही. उद्योग उभा राहायला शेजारी महाविद्यालय लागतेच, असाही आग्रह धरण्याचे कारण नाही. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले १९४७ मध्ये. या जिल्ह्यात लोखंड ओतणारे हात आधी आले आणि पदव्या नंतर.

पण दोष एका बाजूचाच नसावा. ‘रिजेक्शन फार आहे, काहीतरी करा’ एवढेच सांगितले तर प्राध्यापक काय करणार? कोणते कास्टिंग (ओतीव नग), कोणत्या पॅटर्नवरचे (साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्यावरचे), कोणत्या पाळीत वाया जाते, ब्लो होल पडतात की वाळू झडते, हे आधी वेगळे करावे लागते. साच्यासाठी आपली ओली वाळू असेल तर तिच्यातील पाण्याचे प्रमाण साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास राखावे लागते. पावसाळ्यात उघड्यावरची वाळू तेवढ्यावर राहत नाही, ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. ती यंत्रावर लावल्यावर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात, उघडी पडते. महिन्याला शंभर टन ओतणाऱ्याचे रिजेक्शन आठ टक्क्यांवरून सहावर आले, तर दोन टन माल वाचतो. लोखंड पुन्हा वितळवता येते, पण वितळवण्याची वीज, मोल्डरची (साचे करणाऱ्या कामगाराची) मजुरी आणि मोडलेली तारीख परत येत नाही.

म्हणून करार बाजूला ठेवून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वाळूचे नमुने रीतसर शुल्क भरून तपासायला द्यावेत. फुकट काम मागितले की ते सर्वांत शेवटी होते. अंतिम वर्षाचा एकच विद्यार्थी चार महिन्यांसाठी मागावा, त्याला प्रवासखर्च आणि थोडे मानधन द्यावे, त्याच्यासोबत आपला एक अनुभवी मोल्डर कायम ठेवावा, आणि निष्कर्ष कोणाच्या मालकीचे राहतील हे आरंभीच एका कागदावर लिहून घ्यावे. असे विद्यार्थी पुष्कळदा त्याच ठिकाणी गुणवत्ता तपासनीस म्हणून चिकटतात. मुलाला पुण्याला जाऊन खोली भाड्याने घ्यावी लागत नाही, आणि मालकाला वाळूची जाण असलेला माणूस मिळतो.

विद्यार्थी येण्याची वाट न पाहता नोंदवही मात्र आजच घालावी. तारीख, पाळी, पॅटर्न क्रमांक, वाळूतील ओल, ओतलेले नग, बाद झालेले नग, एवढे सहा रकाने पुरेत. ती वही पाळीच्या शेवटी मुकादमाने भरू नये. ज्या मोल्डरने ओतले त्यानेच ती तेव्हाच्या तेव्हा भरावी.